कॉलमला तडा, बाथरूमला गळती: टोकन दिलेलं घर घ्यावं का?

पत्र:

आम्ही दोघं डोंबिवलीत भाड्याने राहतो, दोघांचीही ऑफिसं अंधेरीला. पार्ले पूर्वेला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके पसंत पडला. इमारत १९८७ ची, तळमजला अधिक चार मजले. १ कोटी ६० लाखांना ठरलं, २ लाख टोकन दिलं, बँकेचं १ कोटी २० लाखांचं कर्जही मंजूर झालं, म्हणजे घर ठीकच असेल असं वाटलं. मग यांच्या मामेभावाच्या आग्रहावरून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घर तपासून घेतलं. त्यांचा अकरा पानांचा अहवाल आला आणि आमची झोप उडाली. बाथरूमच्या छताचं प्लास्टर फुगलंय आणि एके ठिकाणी गंजलेली सळई दिसते, वरच्यांची गळती. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीत ओल. हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉलमला उभा तडा, ठोकल्यावर आवाज पोकळ. बाल्कनीची भिंत पाडून ती हॉलमध्ये घेतलेली. वायरिंग जुनं, अर्थिंग नाही, पाइप जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे).

विकणारे काका-काकू सज्जन आहेत. पहिल्या दिवसापासून ते तिथेच राहतायत आणि "आम्हाला इतक्या वर्षांत काही झालं नाही" म्हणतात. दर वेळी खायला घातल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांच्यापुढे हा अहवाल ठेवून पैसे कमी करा म्हणायची लाज वाटते. एजंट म्हणतो, "बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे मॅडम, कॉलमचं काय घेऊन बसलात!" दीर म्हणतात सोडून द्या. पंधरा दिवसांत ॲग्रीमेंट करायचं ठरलंय. काय करावं?

उत्तर:

अकरा पानं वाचून घाबरायला होणारच, कारण अशा अहवालात सगळं एकाच सुरात लिहिलेलं असतं. तुटलेल्या स्विचबोर्डला एक ओळ आणि एक फोटो, कॉलमच्या तड्यालाही एक ओळ आणि एक फोटो. दिसलं ते नोंदवणं हे इंजिनिअरचं काम. कशाची काळजी करायची आणि कशाची नाही, हे तुम्हाला वेगळं काढावं लागेल.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक दोषासमोर लिहायचं, हा दुरुस्त करणं कोणाच्या हातात आहे? वायरिंग आणि पाइप तुमच्या हातात. बाथरूमचं छत वरच्यांच्या हातात. बाहेरची भिंत आणि कॉलम सोसायटीच्या हातात. बाल्कनीचा प्रश्न कागदांचा. खर्च किती हा प्रश्न त्यानंतरचा. मुंबईत आपण घर घेतो म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून एका इमारतीत भागीदार होतो. जे तुमच्या हातात आहे ते पैशाने सुटतं. दुसऱ्याच्या हातात आहे त्यासाठी आधी माणसं हलवावी लागतात, आणि ती ॲग्रीमेंटच्या आधी हलतात तितकी नंतर हलत नाहीत.

वायरिंग आणि पाइप झटकन बाजूला ठेवू. १९८७ च्या घराचं वायरिंग बदलायचंच असतं, अहवाल असो वा नसो. अर्थिंगसकट नवं वायरिंग, आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) पाइप हे राहायला जाण्याआधी करून टाका. या खर्चासाठी काकांकडे सूट मागू नका. जुन्या घराचा भाव ठरतानाच ते गृहीत धरलेलं असतं, आणि क्षुल्लक गोष्टी यादीत घातल्या की महत्त्वाच्या गोष्टींचं वजन जातं.

आता कॉलम. खरा विषय हाच.

भिंतीवर तडे अनेक प्रकारचे असतात. विटांची भिंत आणि कॉलम जिथे भेटतात तिथे केसासारखी सरळ रेघ दिसते. दोन वेगळ्या वस्तू उन्हापावसात वेगवेगळ्या हलतात म्हणून ती येते, आणि बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. प्लास्टरवर जाळीसारखे बारीक तडे येतात, तेही वरवरचे. पण कॉलमच्या कडेपासून इंच-दोन इंच आत, सळईच्या रेषेने उभा गेलेला तडा आणि त्यावर ठोकलं की ठणठणीतऐवजी भद्द आवाज, ही जोडी आली की आतली सळई गंजते आहे असं धरूनच चालायचं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्याला आत जागा नसते, मग तो वरचं काँक्रीट ढकलून फोडतो. म्हणजे तडा दिसायला लागतो तेव्हा गंजाची सुरुवात होऊन बरीच वर्षं गेलेली असतात. "इतक्या वर्षांत काही झालं नाही" हे काकांचं म्हणणं खोटं नाही. ते होतंय, फक्त प्लास्टरखाली.

घाबरून पळण्याआधी इंजिनिअरना विचारा की गंज कितपत खोल गेलाय. त्यासाठी साध्या चाचण्या आहेत. तड्याजवळचं थोडं प्लास्टर आणि काँक्रीट फोडून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारतात. काँक्रीट धड असेल तर ते लगेच गडद गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याची अल्कधर्मिता गेली असेल तर रंगच येत नाही. बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत पोचलेला दिसला की सळईचं नैसर्गिक संरक्षण संपलं, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. याशिवाय अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी नावाची चाचणी असते, काहीही न फोडता होणारी. काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजतात, सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर आलं तर चांगलं, ३ च्या खाली आलं तर शंकास्पद. हाफ-सेल चाचणी सळई गंजण्याची शक्यता सांगते. फोडाफोड करायची तर काकांची परवानगी लागेल, आणि कॉलम सगळ्या इमारतीचा असल्यामुळे सेक्रेटरींना सांगूनच करा.

पण एका मजल्यावरच्या एका कॉलमची चाचणी अर्धीच गोष्ट सांगेल. तो कॉलम पहिल्या मजल्यावरून येतो, तिसऱ्यावर जातो. तुम्ही तुमच्या हॉलमध्ये कितीही महागडं पॉलिमर मॉर्टर भरलंत आणि खाली तळमजल्यावर तोच कॉलम फुटत असेल तर काय उपयोग? म्हणून अख्ख्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याच्या तपासणीचा अहवाल, बघायला हवा. ते सोसायटीकडे असायलाच हवं. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे ३० वर्षं उलटलेल्या इमारतीला पालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून प्रमाणपत्र द्यावं लागतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत तर १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीसाठी दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलंय. तुमच्या इमारतीची तीस वर्षं २०१७ मध्येच भरली.

ऑडिटमध्ये इमारतीची वर्गवारी शोधा. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे लोक राहत असताना करता येणारी संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी या व्यवहारातून बाहेर पडा. सी-२अ असेल तर घेतल्या घेतल्या घर रिकामं करायची पाळी येऊ शकते, आणि डोंबिवलीचं भाडं बंद करून पार्ल्याचा हप्ता सुरू झालेल्या जोडप्याला ती झेपत नाही. सी-२ब असेल तर मात्र घाबरू नका. पार्ले, दादर, मुलुंड, बोरिवली इथल्या त्या काळातल्या इमारतींत हे नेहमीचं आहे. तिथे प्रश्न इतकाच, दुरुस्ती ठरली का, आणि पैसे कोणी भरायचे.

इथे बरेच लोक फसतात. समजा सोसायटीने मागच्या सर्वसाधारण सभेत ठराव केला की मोठी दुरुस्ती काढू, प्रत्येक फ्लॅटमागे अमुक लाख. काका तो ठराव ऐकून घर विकायला निघाले. तुम्ही घेतलंत, तीन महिन्यांनी वर्गणीचं बिल तुमच्या नावाने आलं. मग काका म्हणणार, घर तर तुमचं, आणि सोसायटी म्हणणार, सभासद तुम्ही. म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांच्या सभांचं इतिवृत्त वाचा, सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत) किती शिल्लक आहे ते ताळेबंदात बघा, आणि ॲग्रीमेंटमध्ये एक वाक्य घालून घ्या: ताबा देण्याच्या दिवसापर्यंत सोसायटीने ठरवलेली कोणतीही दुरुस्ती वर्गणी, मागणी नंतर आली तरी, विकणाऱ्याने भरायची. वकील हे वाक्य आपणहून घालतीलच असं नाही. तुम्ही सांगा.

एजंटच्या रीडेव्हलपमेंटबद्दल थोडं स्पष्ट बोलते. पार्ल्यात हे आमिष सगळ्यात जास्त दाखवलं जातं आणि तिथेच ते सगळ्यात जास्त अडकतं. विमानतळ शेजारी आहे. धावपट्टीच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखाली, येणाऱ्या भागात इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते, आणि उंची नाही तर बिल्डरला विकायला मजले नाहीत, म्हणून गणित जमत नाही. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथल्या कित्येक सोसायट्या या एका कारणाने वर्षानुवर्षं ताटकळल्या आहेत. तुमचा प्लॉट फनेलमध्ये आहे की नाही, सोसायटीने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालची पुनर्विकासाची प्रक्रिया सुरू केली आहे का, सल्लागार नेमलाय का, निविदा मागवल्यात का, हे सेक्रेटरींना विचारा. "बोलणी चालू आहेत" एवढंच उत्तर आलं तर रीडेव्हलपमेंट शून्य धरा. शिवाय एक सापळा लक्षात ठेवा: जिथे रीडेव्हलपमेंटची नुसती चर्चा असते तिथे कोणी दुरुस्तीला पैसे काढत नाही. "आता पाडायचीच आहे" म्हणत दहा वर्षं जातात, आणि कॉलम तेवढा थांबत नाही.

बाथरूमचं छत. खालून कितीही प्लास्टर केलंत तरी वरची गळती बंद होईपर्यंत ते टिकणार नाही. वरच्यांच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी वाहून जायचं तोंड) बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवलं की गळती फरशीतून आहे, ट्रॅपच्या सांध्यातून आहे की डक्टमधल्या पाइपातून, ते बऱ्यापैकी कळतं. उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकची गळती ज्याच्या फ्लॅटमधून होते त्याने स्वतःच्या खर्चाने बंद करायची असते. बाहेरून येणारी, पावसाची, गच्चीची गळती सोसायटीने. नियम स्पष्ट आहे, पण वरचे लोक कधी कबूल होत नाहीत हा मुंबईचा अनुभव. आणि इथेच काका तुमच्या उपयोगी पडतील. त्यांची वरच्यांशी इतक्या वर्षांची ओळख आहे, गणपतीत एकमेकांकडे जाणं-येणं असेल. तुम्ही उद्या नव्याने राहायला जाऊन पहिल्याच महिन्यात "तुमचं बाथरूम फोडा" म्हणालात तर वर्षभर जिन्यात कोणी बघणार नाही. काकांनी आज जाऊन सांगितलं तर काम होण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून वरची गळती बंद होणं ही ॲग्रीमेंटची अट ठेवा, छताच्या दुरुस्तीचे पैसे मात्र सूट म्हणून मागा. काका स्वतः दुरुस्ती करून देतो म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. घर सोडून जाणारा माणूस सज्जन असला तरी सळई घासून, गंजविरोधक लावून, थरांत काम करून घेत नाही. तो गवंडी बोलावतो, प्लास्टर मारतो, वर पांढरा रंग.

पश्चिमेची भिंत सोसायटीची. नैर्ऋत्येचा पाऊस त्याच भिंतीवर आपटतो, त्यामुळे मुंबईत पश्चिमेची ओल नवल नाही. बाहेरून खिडकीच्या छज्जावर, पाइपच्या पकडीजवळ चिरा आहेत का बघा. भिंतीवर नवा रंग असेल तर तो कधी लावला तेही विचारा, सहज बोलता बोलता.

बाल्कनी हॉलमध्ये घेणं ही मुंबईत इतकी सर्रास गोष्ट आहे की कोणाला दोष वाटतच नाही. तुम्ही दोन गोष्टी तपासा. बीम किंवा कॉलमला हात लावलाय की फक्त विटांची भिंत काढलीय, हे इंजिनिअर दहा मिनिटांत सांगतील. आणि बदलाला पालिकेची मंजुरी आहे का. काही जुन्या इमारतींत बाल्कनी बंद करायला रीतसर पैसे भरून परवानगी घेतलेली असते, तो कागद मिळाला तर प्रश्न मिटला. नसेल तर पालिकेची नोटीस पुढे तुम्हाला येईल, काकांना नाही. किंमत ठरवताना मंजूर नकाशातला कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) धरा.

तुम्ही लिहिलंय की बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर ठीक असेल असं वाटलं होतं. बँकेचा व्हॅल्युअर क्षेत्रफळ, नकाशा, इमारतीचं वय आणि बाजारभाव बघतो. त्याला बँकेचे पैसे वसूल होतील का एवढंच शोधायचं असतं. कॉलम ठोकून बघायला तो आलेलाच नसतो.

आता लाजेबद्दल. ज्यांनी आपल्याला खायला घातलं त्यांच्याशी पैशाचं बोलायला जीभ उचलत नाही, हे मला समजतं. पण अहवाल लपवून, एजंटमार्फत "पाच लाख कमी करा" असा निरोप पाठवणं हे जास्त अपमानाचं आहे. अहवालाची पूर्ण प्रत घेऊन दोघं जा, एजंटशिवाय. साधं बोला: "काका, घर आम्हाला हवंय, म्हणूनच आलोय. इंजिनिअरनी हे दिलंय, तुम्हीही वाचा. वायरिंगचं आम्ही बघतो. बाथरूमच्या छताचा दोन ठिकाणांहून अंदाज घेतलाय, तेवढे कमी करा. कॉलमचं सोसायटीचं ऑडिट बघितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही, तेवढं मिळवून द्या." यात कोणाचा अपमान नाही. शिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने न सापडणारा मोठा दोष सांगणं हे त्याचं कर्तव्यच आहे. हे काकांना ऐकवायचं नाही. तुमच्या मनाची बोच कमी व्हावी म्हणून सांगितलं.

किती मागायचं त्याआधी एक हिशेब करा. ७५ लाखांवरच्या गृहकर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. तुमचं कर्ज नेमकं त्या मर्यादेवर आहे. काकांनी ४ लाख कमी केले आणि ॲग्रीमेंट १ कोटी ५६ लाखांचं झालं, तर कर्ज १ कोटी १७ लाखांवर येईल. म्हणजे ४ लाखांतले ३ लाख कर्जातून गेले, तुमच्या खिशात वाचला १ लाख. मुद्रांक शुल्कात ६ टक्क्यांनी आणखी २४ हजार, तेही रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) भाव त्याहून वर नसेल तर. दुरुस्तीला रोख लागते ती या सुटीतून निघणार नाही, वेगळी ठेवा. आणि यावर उपाय म्हणून कोणी "ॲग्रीमेंट १ कोटी ६० चंच करू, काका ४ लाख रोख परत देतील" असं सुचवलं तर त्यात पडू नका. बँकेला खोटी किंमत दाखवणं होतं ते.

पंधरा दिवसांची घाई कोणाची आहे? बँकेचं मंजुरीपत्र सहसा काही महिने चालतं, त्यावरची तारीख बघा. टोकनच्या पावतीवर व्यवहार मोडल्यास काय, हे लिहिलंय का तेही वाचा. पैसे परत मिळण्याची अट नसली तरी २ लाख बुडतील या भीतीने १ कोटी ५८ लाख पुढे घालू नका. ऑडिट सी-२ब किंवा सी-३ निघालं, इतिवृत्तात दुरुस्तीचा ठराव स्पष्ट असला आणि वरच्यांनी बाथरूम उघडायला होकार दिला, तर घ्या. दिरांचं ऐकू नका, पार्ल्यात यापेक्षा निर्दोष जुनं घर तुम्हाला या किमतीत मिळेल असं मला वाटत नाही. ऑडिटच झालेलं नाही असं कळलं तर ते होईपर्यंत थांबा. आणि झालंय पण दाखवत नाहीत असं असेल तर टोकन मागून बाहेर पडा.

ऑडिटची प्रत तुम्ही मागून मिळणार नाही, तुम्ही अजून सभासद नाही. काकांनी लेखी मागायला हवी. त्यांना लिहायचा त्रास नको म्हणून मजकूर देते, त्यांच्याकडून सही करून दोन प्रती द्या आणि एकीवर सोसायटीचा पोचशिक्का घ्या:

"मा. सचिव यांस, मी आपल्या संस्थेचा सभासद असून माझी सदनिका विकत आहे. खरेदीदारांस दाखवण्यासाठी इमारतीच्या शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत, महानगरपालिकेस सादर केलेल्या स्थिरता प्रमाणपत्राची प्रत, गेल्या तीन वार्षिक सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांच्या प्रती, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, आणि दुरुस्ती किंवा पुनर्विकासाबाबत झालेल्या ठरावांच्या प्रती मिळाव्यात. नियमाप्रमाणे लागणारी फी भरण्यास मी तयार आहे. तसेच माझ्या सदनिकेच्या हॉलमधील कॉलमला तडा असून बेडरूमच्या बाहेरील भिंतीतून ओल येते आणि वरील सदनिकेतून बाथरूममध्ये गळती होत आहे. संस्थेने याची पाहणी करून केलेली कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती."